विश्लेषण : कोडे सोडवण्यापेक्षा कोडे तयार करताना मुले जास्त का शिकतात? वाचनालयाचा त्यात काय संबंध?

सातवीतल्या कोणत्याही मुलाला ‘बाष्पीभवन म्हणजे काय’ असे विचारले, की व्याख्या धाडधाड येते. ‘मग दोरीवरचे ओले कपडे न उकळताच कसे वाळतात?’ असे विचारले, की बहुतेक वेळा शांतता पसरते. व्याख्या पाठ असते, पण ती रोजच्या जगण्यातल्या गोष्टीला जोडलेली नसते. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच आणि आता मोबाइलवर क्षणात मिळणारे उत्तर, यामुळे ही दरी आणखी रुंद होत आहे. ती बुजवण्यासाठी एक साधा, जवळपास फुकट उपाय आहे. मुलांना कोडी सोडवायला देण्याऐवजी ती तयार करायला लावायची आणि त्यासाठी लागणारी माहिती वाचनालयातून शोधून आणायला सांगायची. हे नेमके कसे चालते, संशोधन काय सांगते आणि अडचणी कोणत्या, हे समजून घेऊ या.

ही कल्पना नेमकी काय आहे?

एक धडा शिकवून झाला, की मुलांचे तीन-चार जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाने त्या धड्यावर एक कोडे तयार करायचे. शब्दकोडे, गणिती कोडे, ‘ओळखा पाहू मी कोण’, नकाशावरचा शोध यांपैकी काहीही चालेल. अट दोनच. पाठ्यपुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उचलायचे नाही. आणि प्रत्येक उत्तर पाठ्यपुस्तकाबाहेरच्या किमान एका पुस्तकात तपासून, पान क्रमांकासह वहीत लिहायचे. तयार झालेले कोडे दुसऱ्या गटाने सोडवायचे. जिथे तो गट अडला किंवा ज्या जागी दोन उत्तरे बसली, तिथे कोडे दुरुस्त करायचे.

कल्पना अगदी नवी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गणिती विचार रुजवण्यासाठी शालेय वर्षांत कोडी आणि खेळांचा नियमित वापर करावा, असे म्हटले आहे. सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालयांचा विस्तार करावा, गावातील शाळांची ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावकऱ्यांनाही खुली असावीत, असेही त्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांवरची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असणे अपेक्षित आहे. कागदावर या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांना एकमेकांशी जोडण्याचे काम मात्र वर्गात व्हावे लागते.

सोडवणे आणि तयार करणे यात फरक काय?

एक उदाहरण घेऊ. भूगोल आणि विज्ञानाच्या धड्यांवर शब्दकोडे करायचे आहे. आडवा शब्द ठरला ‘बाष्पीभवन’. गटाने पहिला क्लू लिहिला : ‘पाण्याची वाफ होणे’. दुसऱ्या गटातील एखादा म्हणेल, ‘उत्कलन!’ तो चुकीचा नाही. पाणी उकळले तरी वाफच होते. मग फरक काय?

इथे खरा अभ्यास सुरू होतो. उत्तर शोधताना कळते, की उकळणे ठरावीक तापमानाला होते आणि संपूर्ण द्रवात बुडबुडे येतात. बाष्पीभवन मात्र कोणत्याही तापमानाला, द्रवाच्या पृष्ठभागावरून होत राहते. हे समजल्यावर क्लू बदलतो : ‘दोरीवरचे कपडे न उकळता वाळतात, ती क्रिया (५)’. हे वाक्य कोणत्याही गाइडमधून आलेले नाही, गटाने ते स्वतः बनवले आहे. आता त्यांना बाष्पीभवन आणि उत्कलन यांतला फरक लिहा, हा परीक्षेतला प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही.

याच शब्दातून खाली तीन उभे शब्द सोडता येतात. ‘बा’पासून बाजरी, ‘भ’पासून भरती आणि ‘न’पासून नकाशा. बाजरीसाठी ‘कोरडवाहू भागातले धान्य’ असा क्लू लिहिला, तर कुणी ज्वारी म्हणेल. मग दोन्ही पिकांना किती पाऊस लागतो, कोणती जमीन चालते, हे शोधावे लागते. भरतीचा क्लू मुले गमतीने लिहू शकतात : ‘समुद्रात रोज येते, पोलिसांत अधूनमधून निघते (३)’. विनोद करायलाही शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत असावे लागतात.

थोडक्यात, कोडे सोडवणाऱ्याला एक उत्तर आठवले की त्याचे काम संपते. कोडे बनवणाऱ्याला बरोबर उत्तर, त्याच्याशी गल्लत होईल अशी चुकीची उत्तरे आणि त्या दोघांमधला नेमका फरक, हे सगळे माहीत असावे लागते.

मराठी शब्दकोडे करणे वेगळे का?

जगातले पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आले. आर्थर विन यांनी ते तयार केले होते. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसते आणि अक्षरे फक्त २६. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदणे तुलनेने सोपे जाते.

मराठीत एका घरात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसते. ‘क’ आणि ‘का’ ही वेगळी घरे. ‘बाष्पीभवन’ची घरे पाच : बा, ष्पी, भ, व, न. यातल्या ‘ष्पी’मधून दुसरा शब्द काढणे जवळपास अशक्य. शिवाय ‘भ’ आणि ‘व’ या शेजारच्या घरांतून दोन शब्द एकदम खाली सोडले, तर त्यांची अक्षरे एकमेकांना चिकटून निरर्थक शब्द तयार होतात. म्हणून एक घर सोडून पुढच्या घरातून शब्द घ्यावा लागतो.

या खटपटीत भाषेचा अभ्यास आपोआप होतो. ‘भाष्पिभवन’ लिहिले तर कोडेच जुळत नाही, म्हणून शुद्धलेखन तपासले जाते. एका अक्षरासाठी समानार्थी शब्द शोधावा लागतो, म्हणून शब्दकोश उघडला जातो. शब्दकोशात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे सापडतात, अनुस्वार असलेला शब्द आधी येतो की नंतर, हे प्रत्यक्ष शोधतानाच लक्षात राहते.

इंटरनेटवर शब्दकोडे तयार करून देणारी साधने भरपूर आहेत, पण इंग्रजीसाठी बनलेली अनेक साधने मराठीत गडबडतात. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ‘बाष्पीभवन’ हा शब्द नऊ संकेतांचा आहे : ब, काना, ष, हलन्त, प, वेलांटी, भ, व, न. साधन हे संकेत मोजत असेल तर पाच घरांऐवजी नऊ घरे आखते. चौकटीचा कागद आणि पेन्सिल इथे जास्त भरवशाची.

संशोधन काय सांगते?

यामागे शिकण्याच्या मानसशास्त्रातील तीन निष्कर्ष आहेत.

पहिला, स्वतः तयार केलेले जास्त लक्षात राहते. १९७८ मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी केलेल्या प्रयोगांत काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. इतरांना पहिले अक्षर आणि एक नियम देऊन जोडीतला दुसरा शब्द स्वतः तयार करायला सांगितले. स्वतः तयार केलेले शब्द लोकांच्या अधिक लक्षात राहिले. याला ‘जनरेशन इफेक्ट’ म्हणतात.

दुसरा, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहणे अधिक उपयोगी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटे झाले. आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले दुसऱ्या दिवशी आठवते आणि पुढच्या महिन्यात पुसले जाते, या रोजच्या अनुभवाशी हे जुळते.

तिसरा, प्रश्न तयार करायला शिकवले की वाचनाचे आकलन सुधारते. बराक रोझेनशाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. प्रश्न कसे तयार करायचे हे पद्धतशीर शिकवलेल्या विद्यार्थ्यांचे आकलन सुधारल्याचे त्यात दिसले.

इथे एक सावधगिरी हवी. शब्दांच्या जोड्यांवरचे प्रयोग प्रयोगशाळेतले आहेत, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातले नाहीत. शिवाय स्वतः तयार केलेले चुकीचे असेल, तर चूकही तितकीच पक्की बसू शकते. म्हणूनच कोडे करण्याला तपासणीची जोड लागते आणि त्यासाठी वाचनालय लागते.

गणितात हे कसे जमते?

गणितात कोडी करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त भुंगे, मोर, साप, कमळ यांच्या रूपात गणिते मांडली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात, त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे.

यातले कमळाचे कोडे वर्गात सहज वापरता येते. तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात आहे. वाऱ्याने ते कलले आणि मूळ जागेपासून दोन हात अंतरावर पाण्यात बुडाले. तर पाणी किती खोल? पायथागोरसचा सिद्धांत वापरला की उत्तर येते पावणेचार हात.

आता मुलांना सांगायचे, आकडे बदला आणि असे कोडे तयार करा की उत्तर पूर्णांकात येईल. कमळ पाण्यावर १ हात आणि अंतर २ हात घेतले, तर खोली येते दीड हात. अंतर ३ घेतले तर खोली ४. अंतर ४ घेतले तर साडेसात. अंतर ५ घेतले तर १२, आणि ७ घेतले तर २४. विषम अंतर घेतले की उत्तर पूर्ण येते, हे मुलांच्याच लक्षात येते. ३-४-५, ५-१२-१३, ७-२४-२५ ही त्रिकुटे पाठ करण्याची गरज उरत नाही. सोडवणाऱ्याने एकच गणित केले असते, तयार करणाऱ्याने पाच-सहा केली आणि त्यातला नियमही शोधला.

दुसरे उदाहरण देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर यांचे. संख्यांशी खेळत त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. उदाहरणार्थ, ३५२४ घेतली तर :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे पोहोचते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि हा शाळामास्तर जगभर माहीत झाला. वर्गात हे कोडे असे करता येते : ‘सर्वांत कमी पायऱ्या लागणारी आणि सर्वांत जास्त पायऱ्या लागणारी संख्या शोधा’. वजाबाकीची शंभर गणिते मुले एरवी कंटाळत सोडवतात, इथे ती स्पर्धेने सोडवतात.

इतिहासासाठी वाचनालय का हवे?

इतिहासात कोडे बनवताना अनेकदा दोन पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. हा गोंधळ वाटतो, पण शिकण्याची उत्तम संधी तिथेच असते.

समजा, एखाद्या गटाने छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मावर क्लू करायचे ठरवले. पाठ्यपुस्तकात वर्ष १६३० आहे. वाचनालयात एखादे जुने, पिवळे पडलेले चरित्र हाती लागले, तर त्यात १६२७ असू शकते. मग बरोबर काय? दोन्ही पुस्तके छापीलच आहेत.

इथे मुलांना नवे प्रश्न पडतात. पुस्तक कधी छापले? लेखकाने कशाच्या आधारे लिहिले? पुढे शोधले की जेधे शकावलीचा उल्लेख सापडतो. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली. त्यातील नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे आणि इंग्रजी दिनांकानुसार ती १९ फेब्रुवारी १६३० येते. नवे साधन मिळाले की इतिहासातली तारीख बदलू शकते, हे एका क्लूच्या निमित्ताने समजते. मोबाइलवर शोधले असते तर एक तारीख मिळाली असती. ती कशी ठरली, याचा प्रश्न कदाचित पडलाच नसता.

वाचनालयात जाऊन नेमके करायचे काय?

मुलांना नुसते वाचनालयात नेले, की पहिल्या पाच मिनिटांत चित्रांची पुस्तके आणि नंतर गप्पा सुरू होतात. हातात शोधायचा प्रश्न असेल तर भेटीला दिशा मिळते. पहिल्या भेटीत पुढील गोष्टी शिकवता येतात :

• पुस्तकांची मांडणी : अनेक ग्रंथालये मेलव्हिल ड्यूई यांच्या १८७६ पासूनच्या दशांश वर्गीकरणाने पुस्तके लावतात. त्यात गणित ५१०, भूशास्त्र आणि हवामान ५५१, पक्षी ५९८, भारताचा इतिहास ९५४ या क्रमांकावर. लहान वाचनालयांत पुस्तके विषयवार किंवा दाखल क्रमांकानुसार असतात. आपल्या वाचनालयात कोणती पद्धत आहे, हे ग्रंथपालांना विचारणे हेच पहिले कोडे.

• अनुक्रमणिका आणि सूची : अनुक्रमणिका पुस्तकाच्या सुरुवातीला असते, प्रकरणे सांगते. सूची शेवटी असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगते. अनेक मराठी पुस्तकांना सूची नसते. अशा वेळी प्रकरणाच्या नावावरून अंदाज बांधावा लागतो.

• संदर्भग्रंथ : शब्दकोश, नकाशासंग्रह आणि मराठी विश्वकोश. विश्वकोशाचे २० खंड आता संकेतस्थळावरही मोफत वाचता येतात.

• नोंद : पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनाचे वर्ष, पान क्रमांक. एवढे लिहिण्याची सवय लागली तरी भेट सार्थकी लागली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे प्राध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नव्हे तर वापरण्यासाठी आहेत, असा पहिल्याच नियमाचा आशय. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

महाराष्ट्राची या क्षेत्रातली पुंजी मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्ग असलेली हजारो अनुदानित वाचनालये राज्यात आहेत. शाळेत पुस्तके कमी असतील, तर गावातले किंवा तालुक्याचे वाचनालय हा जवळचा पर्याय असतो.

शाळेत वेळ कुठून आणायचा? गुणांचे काय?

शिक्षकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. अभ्यासक्रम पूर्ण करायचा, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हे आणखी एक काम. म्हणून प्रत्येक धड्यावर कोडे हा हट्ट नको. सत्रात प्रत्येक विषयाचा एक धडा पुरे. त्यासाठी साधारण चार तासिका लागतात :

• पहिली तासिका : धड्यातील १० ते १२ महत्त्वाच्या संकल्पना निवडणे.
• दुसरी तासिका : वाचनालयात माहिती शोधणे, नोंद करणे.
• तिसरी तासिका : कोडे आणि क्लू लिहिणे.
• चौथी तासिका : गटांनी कोडी अदलाबदल करून सोडवणे आणि दुरुस्ती.

राज्यातील शाळांमध्ये पहिली ते आठवीसाठी आकारिक मूल्यमापनात उपक्रम, कृती, प्रकल्प ही साधने आहेत. कोड्याचे काम त्यात मोजता येते, त्यामुळे ते अभ्यासाबाहेरचे ठरत नाही. धोरणात सुचवलेले दप्तराविना दिवस किंवा ‘आनंददायी शनिवार’ची वेळही वापरता येईल.

गुण देताना कोडे किती सुबक काढले, याला महत्त्व देऊ नये. क्लू स्वतःच्या शब्दांत आहे का, त्याचे एकच उत्तर निघते का, आणि ते कुठे तपासले याची नोंद आहे का, हे तीन निकष पुरेसे आहेत. नाहीतर प्रकल्पाच्या वहीप्रमाणे इथेही झिलेटीनचा कागद आणि स्केचपेनची स्पर्धा सुरू होईल.

अडचणी कोणत्या?

सर्वांत मोठी अडचण कुलपाची. अनेक शाळांत पुस्तके आहेत, पण कपाटात बंद. पुस्तक हरवले किंवा फाटले तर जाब कुणी द्यायचा, ही भीती त्यामागे असते. ती जबाबदारी एकट्या शिक्षकावर असेल, तर कुलूप निघणार नाही. वर्षाला काही पुस्तके झिजणार आणि हरवणार, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने आधीच मान्य करावे लागते.

दुसरी अडचण गटातली. एक हुशार मुलगा किंवा मुलगी सगळे कोडे करते, बाकीचे रंग भरतात. प्रत्येकाने किमान दोन क्लू लिहायचे आणि त्यापुढे आपले नाव लिहायचे, हा नियम उपयोगी पडतो.

तिसरी, वाचनात मागे असलेल्या मुलांची. ज्यांना उतारा सलग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शब्दकोडे ही शिक्षा ठरू शकते. त्यांना चित्रकोडे, नकाशाचे तुकडे जोडणे किंवा तोंडी ‘मी कोण’ यापासून सुरुवात करू द्यावी. आदिवासी पाड्यांवर किंवा स्थलांतरित मुलांच्या वर्गात घरच्या भाषेतला क्लूही चालवून घ्यावा.

चौथी, कोड्याच्या निवडीची. अक्षरांच्या जाळ्यात लपलेले शब्द गोल करण्याचा ‘शब्दशोध’ करायला सोपा, म्हणून लोकप्रिय आहे. पण त्यात अर्थ माहीत नसला तरी शब्द सापडतो. वेळ घालवायला तो ठीक, विषय शिकायला फारसा उपयोगाचा नाही.

पाचवी अडचण ताजी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला सांगितले की मिनिटभरात कोडे तयार मिळते. ते मुलाने वर्गात आणले, तर शिकण्याचा भाग ॲपनेच उरकलेला असतो. यावर बंदीपेक्षा दुसरा उपाय बरा. ॲपने दिलेले क्लू मुलांसमोर ठेवायचे आणि त्यातल्या चुका वाचनालयातील पुस्तकांतून शोधायला सांगायचे. घरांची संख्या चुकलेली, दोन उत्तरे असलेली, माहितीच चुकीची असलेली वाक्ये त्यात अनेकदा सापडतात.

आणि शेवटचे, कोड्यांनी सराव संपत नाही. पाढे, व्याकरण, उत्तरलेखन यांचा नियमित सराव लागतोच. कोडे हे समज तपासण्याचे साधन आहे, सरावाची जागा ते घेऊ शकत नाही.

पालकांना घरी काय करता येईल?

शाळेची वाट पाहण्याची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी धडा वाचून उठली, की ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नाऐवजी ‘यावर मला तीन कोडी घाल’ असे सांगून पाहावे. उत्तर एकदम येऊ देऊ नये. दुसरे उत्तरही बसते का, हे मोठ्याने विचारावे. मूल अडले, की त्याला कुठे समजलेले नाही हे त्यालाच कळते आणि तो परत पुस्तक उघडतो.

महिन्यातला एक रविवार जवळच्या वाचनालयासाठी ठेवता येईल. त्या दिवशी वाचनालय उघडे असते का, बालविभाग आहे का, वर्गणी आणि अनामत किती, हे आधी विचारून घ्यावे. वाचनालय लांब असेल तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक कामी येते. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात आणि त्यात कोडीही असतात. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तके मोफत आहेत.

‘यातून मार्क वाढतील का?’ हा प्रश्न पालक विचारणारच. एका कोड्याने पुढच्या चाचणीत फरक पडेलच असे नाही. उलट, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत घोकणारेच पुढे होते, हे वरच्या प्रयोगात दिसले. फरक दिसतो तो काही दिवसांनी, जेव्हा प्रश्न थोडा फिरवून येतो आणि गाइडमधले वाक्य कामाला येत नाही. दोरीवरचे कपडे कसे वाळतात, असा.